मग?

‘गुरुवारी मराठी विकिपीडियावर फारसं कुणी लिहीत नाही’ हे वाक्य माझ्या वहीत होतं. खाली दोन रेघाही मारलेल्या. शेजारच्या पानावर सोमवार ते रविवार असे सात खांब काढले होते आणि त्यात गुरुवारचा खांब बाकीच्यांच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. कारणही मी शोधून ठेवलं होतं. आठवड्याचा मधला दिवस, माणसं कामाच्या रगाड्यात, शनिवार-रविवार अजून लांब. पटण्यासारखं कारण होतं, आणि चार महिने मला ते पटलेलं होतं.

माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात पत्त्यांच्या कॅटाएवढा एक छोटा संगणक आहे, त्याचं नाव रास्पबेरी पाय. त्याला जुना मॉनिटर जोडलाय आणि त्यावर दिवसरात्र एक स्क्रिप्ट, म्हणजे पायथन भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम, चालू असते. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं २०१७ मध्ये ‘इव्हेंटस्ट्रीम्स’ नावाची सेवा सुरू केली. कुठल्याही भाषेतल्या विकिपीडियावर किंवा विकिडेटा, कॉमन्स अशा तिच्या भावंड प्रकल्पांवर कुणी काही बदललं, की त्याची नोंद या प्रवाहात येऊन पडते. खातं काढावं लागत नाही, परवानगी मागावी लागत नाही. एकदा जोडून घेतलं की समोरचा सर्व्हर बोलत राहतो आणि आपण ऐकत राहायचं. सेकंदाला डझनांनी नोंदी येतात. माझी स्क्रिप्ट त्यातल्या मराठीच्या तेवढ्या उचलते, बाकीच्या सोडून देते, आणि उचललेल्या प्रत्येक नोंदीची एक ओळ पडद्यावर लिहिते: वेळ, लेखाचं नाव, किती बाइट वाढले किंवा घटले, आणि संपादकानं दोन शब्द लिहिले असतील तर ते.

या ओळींचा मला लळा लागलाय. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि त्यावर लिहिणारी माणसं मोजकी आहेत. पहाटे साडेपाचला एक जण रोज उठून संतांच्या लेखांमधले संदर्भ नीट लावतो. रात्री उशिरा कुणीतरी एका तालुक्यातल्या गावांची लोकसंख्या भरत बसतं. छोट्या दुरुस्तीपुढे ‘छो’ उमटतो. यंत्रानं केलेल्या बदलाला वेगळी खूण असते. आणि असं यंत्र चालवणाऱ्या खात्याला मराठी विकिपीडियावर बॉट म्हणत नाहीत, सांगकाम्या म्हणतात. हा शब्द ज्याला सुचला त्याला माझा नमस्कार. सांगितलं तेवढं करणारा. माझी स्क्रिप्टही सांगकाम्याच, आणि मी तिला काय सांगायचं विसरले होते ते कळायला दादाचा फोन यावा लागला.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. भोसरीला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. फोन आला तो शुक्रवार होता.

“काय गं, काल बघितलंस का? मुळशीतल्या नऊ गावांचे लेख हातावेगळे केले.”

“काल? काल तर काहीच नव्हतं, दादा.”

“नव्हतं कसं? सकाळी साडेदहाला बसलो तो चारपर्यंत. गुरुवार नाही का!”

पुण्याच्या कारखान्यांना, भोसरीत काय आणि पिंपरी-चिंचवडमध्ये काय, साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते. इथे वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. मलाही नाही. तरी मी चार महिने त्या आलेखाकडे बघत होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्या दिवसाला मी रिकामा म्हणत होते, तो दादाचा लिहिण्याचा दिवस होता.

मी ‘अलीकडील बदल’ हे पान उघडलं. दादाचे नऊच्या नऊ लेख तिथे होते, आणि इतरांच्या दुरुस्त्याही. माझ्या पडद्यावर मात्र गुरुवारी सकाळी दहा वाजून गेल्यानंतर थेट शुक्रवारी पहाटे दोनची ओळ. जुन्या नोंदी काढल्या. बहुतेक गुरुवारी तसंच. सकाळी दहा-साडेदहाला गप्प, पहाटे दोनला पुन्हा बोलकी.

पहाटे दोनचा उलगडा लगेच झाला, आणि तो मला फार लागला. सुरुवातीच्या दिवसांत स्क्रिप्ट कधीमधी अडकायची. बंद करून चालू केली की चालायची. म्हणून रोज पहाटे दोनला तिला मारून नव्यानं उठवायची व्यवस्था मी करून ठेवली होती. ताप उतरवायची गोळी रोज रात्री देत होते आणि ताप कशाचा हे एकदाही बघितलं नव्हतं. बिघाड दर आठवड्याला होत होता, आणि मी उठायच्या आत माझंच औषध त्याचा मागमूस पुसून टाकत होतं.

मग मी ते पहाटेचं उठवणं काढून टाकलं आणि पुढच्या गुरुवारची वाट पाहिली. अडकलेली स्क्रिप्ट अडकलेल्या अवस्थेतच बघायची होती.

त्या गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर पडद्यासमोर बसले. शेवटची ओळ सकाळी दहा एकोणिसाची. आधी संशय प्रवाहावरच घेतला. तोच पत्ता फोनच्या इंटरनेटवरून ब्राउझरमध्ये उघडला, तर नोंदींचा धबधबा. म्हणजे तिकडे सगळं ठीक. प्रोसेस जिवंत होती. मेमरी तेवढीच, प्रोसेसर शून्यावर. बिघाडाचा संदेश एकही नाही. मी ‘एसट्रेस’ लावून बघितलं. चालू प्रोग्राम या क्षणी लिनक्सकडे, म्हणजे पायच्या कार्यप्रणालीकडे, काय मागतोय ते हे साधन दाखवतं. त्यानं एकच ओळ दाखवली, तीही अर्धी: ‘रीड’, मग कंस उघडलेला, चारचा आकडा, स्वल्पविराम. बस्स. कंस मिटलेला नव्हता. स्क्रिप्टनं चार नंबरच्या जोडणीतून ‘वाचायला दे’ म्हणून मागितलं होतं आणि उत्तराची वाट बघत ती त्या उघड्या कंसात बसून राहिली होती. त्या अर्ध्या ओळीकडे मी बराच वेळ बघत राहिले.

मग जोडण्यांची यादी काढली. ‘एसएस’ ही आज्ञा प्रत्येक जोडणीची अवस्था सांगते. आमच्या जोडणीपुढे लिहिलेलं: एस्टॅब्लिश्ड. प्रस्थापित, सुस्थितीत. पण त्याच आज्ञेला जरा जास्त तपशील मागितला की शेवटचा डेटा येऊन किती मिलिसेकंद झाले तेही कळतं. आकडा होता १ कोटी ६२ लाख ४३ हजार. म्हणजे साडेचार तास. घड्याळात दोन पन्नास झाले होते. मागे मोजत गेले तर दहा एकोणीसच.

दहा एकोणिसाला काय झालं होतं ते आठवायला कागदपत्रं लागली नाहीत. आई दाण्याचं कूट करत होती आणि मिक्सर मध्येच थांबला होता. “गेले वाटतं,” असं ती आतून म्हणाली होती. आमच्या भागात देखभालीच्या कामासाठी वीज घालवतात ती बहुतेक गुरुवारीच. पंखे आणि माझं टेबल इन्व्हर्टरवर आहे. मिक्सर नाही. हॉलमधला राउटरही नाही.

इथपर्यंत आल्यावर बाकीचं एकातून एक सुटत गेलं. वीज गेली तसा राउटर बंद पडला, पाय मात्र जागाच राहिला. एकच्या सुमाराला राउटर पुन्हा चालू झाला, पायला घरातला तोच पत्ता मिळाला, म्हणून पायच्या लेखी काही बदललंच नव्हतं. पण घरातलं कोणतं यंत्र बाहेरच्या कोणत्या यंत्राशी बोलतंय याची वही राउटर आपल्या स्मृतीत ठेवतो. ती वही पुसली गेली होती. बाहेरच्या जगाला दिसणारा आमचा पत्ताही बदलला होता. तिकडून सर्व्हर जुन्या पत्त्यावर बोलत राहिला असणार आणि ते बोलणं वाटेत कुठेतरी गळून गेलं.

मला वाटायचं, जोडणी तुटली तर माझी स्क्रिप्ट पुन्हा जोडून घेते. आणि ती घ्यायचीही. विकिमीडियाचे सर्व्हर कुठलीही जोडणी पंधरा मिनिटांनी स्वतःहून संपवतात. तसं त्यांनी लिहूनच ठेवलंय. दर पंधरा मिनिटांनी निरोप यायचा, स्क्रिप्ट निरोप घ्यायची आणि पुन्हा दार वाजवायची. दिवसातून नव्वदहून जास्त वेळा हे बिनबोभाट होताना मी बघितलं होतं. त्यामुळे माझा विश्वास बसला होता. पण ती सगळी तुटणं निरोप घेऊन झालेली होती. दहा एकोणिसाच्या जोडणीचा निरोपही त्या जुन्या पत्त्यावरच गेला आणि हरवला. न सांगता गेलेल्याचं काय करायचं, हे मी तिला शिकवलंच नव्हतं.

इंटरनेटवर दोन यंत्रं ज्या नियमांनी बोलतात त्या टीसीपीची रीत अशी आहे की बोलणाऱ्याला प्रत्येक तुकड्याची पोच हवी असते. पोच आली नाही की तो तोच तुकडा पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो, दर वेळी जरा जास्त थांबून. लिनक्स असेल तर असं साधारण पंधरा मिनिटं करतो आणि मग समजून चुकतो की पलीकडे कुणी नाही. म्हणजे बोलणाऱ्याला कळतं. ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. तो काही पाठवतच नसतो, मग त्याची पोच अडणार कुठे? त्याच्या बाजूनं ‘अजून काही आलं नाही’ आणि ‘आता कधीच काही येणार नाही’ या दोन गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात.

माझी आजी रात्री दिवे मालवल्यावर गोष्ट सांगायची. आटपाट नगर होतं, इथून सुरू. तिची अट एकच, हुंकार द्यायचा. दर वाक्याला आमच्यापैकी कुणीतरी “हुं” म्हणायचं. हुंकार आला नाही की पोरं झोपली असं समजून ती थांबायची. पण माझ्या लक्षात राहिलीय ती उलटी रात्र. आजीच दिवसभराची दमलेली. राजा घोड्यावरून रानात शिरला आणि ती थांबली. मी अंधारात पडून राहिले. रान दाट असेल, राजा वाट शोधत असेल, आजी पुढचं आठवत असेल. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला तो गोष्टीचाच भाग वाटत होता. शेवटी मी म्हटलं, “मग?” उत्तर नाही. “आजी, मग?” ती दचकून जागी झाली आणि म्हणाली, “कुठवर आलो होतो गं?” मी सांगितलं, राजा रानात शिरला. तिनं तिथूनच धागा उचलला.

त्या दुपारी उघड्या कंसासमोर बसल्यावर मला हीच रात्र आठवली. स्क्रिप्टला माझ्या आजीच्या गोष्टीतलं काहीच येत नव्हतं. किती वेळ शांतता झाली की “मग?” म्हणायचं ते नाही. कुणी “कुठवर आलो होतो?” विचारलं तर काय सांगायचं तेही नाही.

टीसीपीत “मग?” विचारायची सोय आहे. तिला कीप-अलाइव्ह म्हणतात. पण ती मुद्दाम चालू करावी लागते, आणि मी वापरत असलेली पायथनची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, ती आपणहून करत नाही. चालू केली तरी लिनक्सवर पहिला प्रश्न विचारला जातो दोन तासांनी. मग पंच्याहत्तर सेकंदांच्या अंतरानं नऊदा. इतका उशीर का, याचं उत्तर १९८९ च्या ऑक्टोबरमधल्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात आहे. ही सोय मुळात बंद असावी आणि अंतर निदान दोन तासांचं असावं, असं त्यात घालून दिलंय. वाटेत क्षणभर काही बिघडलं म्हणून चांगली जोडणी तुटू नये, आणि जिथे पाठवलेल्या प्रत्येक तुकड्यामागे पैसे मोजावे लागतात तिथे उगाच खर्च होऊ नये. मला त्या माणसांचं म्हणणं मान्य आहे. दोघांपैकी कुणी गप्प बसलं म्हणून लगेच नातं संपत नाही, या समजुतीवर त्यांनी हे सगळं बांधलं. फक्त किती गप्प बसणं म्हणजे फार झालं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं होतं, आणि ते मी ठरवलं नव्हतं.

विकिमीडियाच्या लोकांनी ते स्वतःपुरतं ठरवलंय. तिथले काही प्रवाह असे आहेत की तासन् तास काही घडत नाही. प्रवाह कोरडा आहे की फुटलाय हे त्यांनाही कळायला हवं. म्हणून ते स्वतःच तासातून काही वेळा एक लुटुपुटूची नोंद सोडतात आणि तिला ‘कॅनरी’ म्हणतात. ब्रिटनच्या कोळसाखाणींत १९८६ पर्यंत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून पिंजऱ्यात हे पिवळे पक्षी नेत, त्यावरून. वापरणाऱ्यांनी या नोंदी टाकून द्याव्यात अशी सूचना आहे, आणि माझ्या स्क्रिप्टची पहिली चाळणी तेच करत होती. समोरून येणारा हुंकार मी दारातच झाडून टाकत होते.

पहिली दुरुस्ती माझी चुकली. दहा मिनिटं मराठीची ओळ आली नाही तर जोडणी तोडून नवी करायची, असं लिहिलं. पहाटे तीनला मराठीत कुणी जागं नसतं, तेव्हा ती चांगली जोडणी दर दहा मिनिटांनी तोडत बसली. मराठीची शांतता ही शांतताच असू शकते. सगळ्या जगाच्या प्रवाहाची शांतता कधीच खरी नसते. सेकंदाला डझनांनी येणाऱ्या नोंदी तीस सेकंद थांबल्या तर काहीतरी मोडलंय. म्हणून वाट बघायची मुदत चाळणीच्या अलीकडे हवी होती, पलीकडे नाही. वाचनाला तीस सेकंदांची मुदत घातली. ही मुदत पूर्ण जोडणीची नसते, दोन तुकड्यांमधल्या शांततेची असते. मी आधी ते गैरसमजानं टाळत आले होते, कारण तीस सेकंदांनी सगळंच संपेल अशी भीती होती.

पुन्हा जोडताना पहिल्यांदा एक सेकंद थांबायचं, मग दोन, मग चार, एक मिनिटापर्यंत. सर्व्हर अडचणीत असेल तर हजारो जणांनी एकदम दार ठोठावू नये, एवढी रीत पाळायलाच हवी.

उरला “कुठवर आलो होतो?” हा प्रश्न. प्रत्येक नोंदीसोबत एक ओळखपट्टी येते. तिच्यात अमेरिकेतल्या दोन डेटा सेंटरांचे, व्हर्जिनियातल्या अॅशबर्नचे आणि टेक्सासमधल्या कॅरल्टनचे, प्रवाह कुठवर आलेत ते लिहिलेलं असतं. जोडताना शेवटची ओळखपट्टी परत दिली की सर्व्हर तिथून पुढचं सांगतो. मागचं साधारण सात ते एकतीस दिवसांचं त्याच्याकडे असतं. ही पट्टी मला पहिल्या दिवसापासून दर नोंदीबरोबर मिळत होती आणि मी ती ठेवून घेत नव्हते. आता प्रत्येक नोंद हातावेगळी झाली की पट्टी फाइलीत जाते. एखादी नोंद दोनदा येते कधी, तर ती तिच्या क्रमांकावरून गाळते.

चार महिन्यांचे हरवलेले गुरुवार प्रवाहातून मिळणार नव्हते. ते मी लेखांच्या इतिहासातून एकेक करून काढले. त्यात दोन रविवार गेले. गुरुवारचा खांब बाकीच्यांच्या बरोबरीला आला. वहीतल्या वाक्यावर काट मारली, पण पान फाडलं नाही. दादाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अगं, मग मी चार महिने लिहीत होतो ते तू वाचतच नव्हतीस की!” त्याच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र वाईट वाटलं, कारण मागे एकदा त्यालाच मी विचारलं होतं, “हल्ली लिहीत नाहीस का?”

परवाच्या गुरुवारी दहा वाजून बारा मिनिटांनी मिक्सर थांबला. आई म्हणाली, “गेले.” मी पडद्याकडे बघत होते. तीस सेकंदांनी स्क्रिप्टनं लिहिलं, ‘मग?’ तिच्या तोंडी हा शब्द मीच घातलाय. एक सेकंदानं पुन्हा, मग दोन, मग चार. मग मिनिटामिनिटाला. पंखा इन्व्हर्टरवर फिरत होता आणि पडद्यावर त्या एकाच शब्दाची रांग लागत होती. तास गेला, दोन तास गेले. एक वाजायला आला तेव्हा हॉलमधून राउटरचा हिरवा दिवा लुकलुकताना दिसला. पुढच्या ‘मग?’नंतर ओळ थांबली, आणि दहा बारापासूनच्या नोंदी येऊ लागल्या, वेळांसकट, क्रमानं, जणू कुणी मधलं पान वाचून दाखवतंय.

दहा एक्केचाळीसची ओळ दादाची होती. मुळशीतलं एक गाव, पुढे ‘छो’. फरक शून्य बाइट. फरक उघडून बघितला. गावच्या जत्रेच्या वाक्यात ‘कार्तीकी पौर्णिमा’ होतं, त्याचं त्यानं ‘कार्तिकी’ केलं होतं. ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी, दोन्ही तीन-तीन बाइटांच्या.